एमबीबीएसचं नियोजन दहावीच्या आधीपासून: क्लास लावण्यापूर्वीची कामं

महाराष्ट्रात एमबीबीएसच्या प्रवेशाला मुलाखत नसते, निबंध नसतो, शिफारसपत्र लागत नाही. विज्ञान प्रदर्शनातलं बक्षीस किंवा शिबिरांची प्रमाणपत्रं यांना गुणवत्ता यादीत एक गुणही मिळत नाही. यादी लागते ती नीट या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतल्या क्रमांकावर. त्यामुळे घरोघरी नियोजनाचा अर्थ ‘कोणता क्लास?’ एवढाच घेतला जातो. पण नीटला बरे गुण मिळूनही ज्यांची जागा हुकते, त्यांची कारणं पाहिली तर बरीचशी तीन-चार वर्षं जुनी निघतात. बारावी दुसऱ्या राज्यात केलेली असते, अकरावीत जीवशास्त्र सोडलेलं असतं, जात वैधता प्रमाणपत्र पडताळणी समितीपुढे अडकलेलं असतं, नाहीतर दाखल्यावर आणि आधारवर वेगवेगळी जन्मतारीख असते. यातली बहुतेक कामं आठवी ते अकरावी या काळात थोडक्या खर्चात होतात. बारावीच्या निकालानंतर तीच धावाधाव करून होत नाहीत.

परीक्षा कशी असते

नीट-यूजी ही परीक्षा नॅशनल टेस्टिंग एजन्सी, म्हणजे एनटीए घेते. २०२५ पासूनच्या रचनेत १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण आहेत. भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. कॅल्क्युलेटर नाही. दोघांचे गुण सारखे आले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात. २०२१ ते २०२४ या काळात २०० प्रश्नांतून १८० सोडवायचे असत. त्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सरावाला उत्तम आहेत, पण वेळेचं गणित त्यांच्यावरून बसवू नका.

बारावीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि राखीव वर्गाला ४० टक्के गुण लागतात. शिवाय इंग्रजी उत्तीर्ण असावं लागतं. बारावीचे गुण एवढ्यापुरतेच, गुणवत्ता यादीत ते मिळवले जात नाहीत.

याच नीटच्या गुणांवर बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) आणि राज्यातली फिजिओथेरपीची पदवी यांचे प्रवेशही होतात. म्हणजे तयारी एकाच जागेसाठी नसते. हे घरात आधीच बोलून ठेवलं तर निकालाच्या दिवशीचं वातावरण बरंच निवळतं.

वय आणि नाव: आठवी-नववीत तपासा

प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. २०२८ मध्ये प्रवेश घ्यायचा असेल तर जन्म ३१ डिसेंबर २०११ किंवा त्याआधीचा हवा. पहिलीत लवकर घातलेल्या मुलांची इथे अडचण होते आणि ती कुठल्याही अर्जाने सुटत नाही. वरच्या वयाला मर्यादा नाही.

नंतर एका टेबलावर चार कागद मांडा: जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आधार, आणि असेल तर जातीचा दाखला. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. आडनाव आधी की नंतर, हा फरक निभावतो. स्पेलिंगमधला फरक मात्र पुढे दर टप्प्यावर शपथपत्र मागतो. मूल शाळेत शिकत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण विभागाकडे प्रस्ताव पाठवून रजिस्टरमधली नोंद दुरुस्त करता येते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तेच काम फार अवघड होतं. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मनंतर शाळा प्री-लिस्ट, म्हणजे बोर्डाकडे जाणाऱ्या माहितीची तपासणी यादी सहीसाठी देते, तिच्यावर न वाचता सही करू नका. पुढची सगळी कागदपत्रं दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव प्रमाण मानून चालतात.

आठवी ते दहावीचा अभ्यास

‘फाउंडेशन’ बॅचशिवाय गाडी सुटेल, ही भीती विकली जाते. आठवी-नववीच्या मुलाला अकरावीची सूत्रं पाठ करायला लावून काही साधत नाही. त्याऐवजी गणित पक्कं करा. अकरावीला आपण गणित सोडणारच, मग दहावीत कशाला, असं म्हणणारी मुलं भौतिकशास्त्रात अडकतात, आणि यादीतलं वर-खाली बहुतेक वेळा भौतिकशास्त्रच ठरवतं.

दहावी संपताना एवढं हाताला बसलेलं असावं: अपूर्णांक आणि घातांकांची आकडेमोड कागदावर न अडखळता, दहाच्या घातात संख्या लिहिणं, गुणोत्तर-प्रमाण, आलेखावरून चढ काढणं, त्रिकोणमितीची ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांची मूल्यं, समरूप त्रिकोण, आणि सूत्रातला हवा तो चल एका बाजूला आणणं. लॉगॅरिथम, सदिश आणि विकलन-संकलनाची तोंडओळख दहावीनंतरच्या सुट्टीत पुरेशी होते.

राज्य मंडळाच्या विज्ञान भाग १ मधली मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण, कार्बनी संयुगे, भिंगे ही प्रकरणं आणि भाग २ मधली आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण ही प्रकरणं परीक्षेपुरती वाचू नका. अकरावीची पुस्तकं ती माहीत आहेत असं धरूनच सुरू होतात.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी थोडं वेगळं. राज्य मंडळात अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीतून आहे आणि एमबीबीएसही इंग्रजीतूनच शिकवलं जातं. सेमी इंग्रजी नसेल तर नववीपासून विज्ञानाच्या प्रत्येक धड्यातल्या संज्ञा इंग्रजी पुस्तकातून शेजारी लिहून ठेवा. दिवसाला पाच-सहा झाल्या तरी दोन वर्षांत पुरेशा होतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. ती द्विभाषिक असते आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. दोन वर्षं इंग्रजीतून शिकलेल्याने परीक्षेला अचानक मराठीचा पर्याय निवडण्यात फारसा फायदा नाही.

रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना आतून पाहता आला तर जरूर पाहा. गुण मिळणार नाहीत. पण साडेचार वर्षं अभ्यास, वर्षभर इंटर्नशिप, पुढे पदव्युत्तरची आणखी एक प्रवेश परीक्षा, एवढ्या रस्त्यावर आपल्याला जायचंय का, याचा अंदाज दहावीच्या सुट्टीत आलेला बरा.

अकरावी कुठे आणि कोणत्या विषयांनी

सगळ्यात महाग चूक इथे होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, त्या दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्य कोट्याच्या, त्या राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी कक्ष भरतो. या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्राचा अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून उत्तीर्ण असावी लागते. बदलीच्या नोकरीतले शासकीय कर्मचारी, सैन्यदलातले पालक अशांच्या मुलांना ठरावीक सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत.

राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला क्लाससाठी जाऊन तिथल्याच शाळेतून बारावी दिली, की घर पिढ्यान् पिढ्या साताऱ्यात असलं तरी राज्य कोटा गेला. मग उरतात अखिल भारतीय जागा, अभिमत विद्यापीठं आणि खासगी महाविद्यालयांतला महागडा संस्थात्मक कोटा. बाहेर शिकायला जायचंच असेल तर प्रवेश महाराष्ट्रातल्या कनिष्ठ महाविद्यालयात हवा. मात्र हजेरी आणि प्रात्यक्षिकं कागदोपत्री दाखवणाऱ्या जागी तो घेऊ नका. राज्य मंडळात भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयाला ३० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते आणि हजेरीवरून परीक्षेचा अर्ज अडू शकतो.

एक जुनी माहिती अजून कानावर येते: मराठवाडा, विदर्भ आणि उर्वरित महाराष्ट्र असा ७०:३० चा प्रादेशिक कोटा, म्हणजे ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. तो २०२० मध्ये रद्द झाला. लातूरला अकरावी केल्याने मराठवाड्याच्या जागा ‘मिळतात’ असं आता काही नाही. तिथे जायचं तर शिकवणीसाठी जा, कोट्यासाठी नको.

अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर एकाच केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. पसंतीक्रम भरताना महाविद्यालयाच्या नावाइतकंच विषयांकडे लक्ष द्या. इंग्रजी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र हे चार पक्के. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा द्विलक्षी (बायफोकल, म्हणजे व्यवसायाभिमुख) विषय घेताना त्याच्या बदल्यात कोणता विषय सुटतो ते कार्यालयात विचारा. बऱ्याच ठिकाणी जीवशास्त्रच सुटतं. बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून देण्याची मुभा वैद्यकीय शिक्षणाचं नियमन करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२३ मध्ये दिली आहे, पण ती चूक सावरण्याची वाट समजा.

गणित ठेवायचं की सोडायचं? एमबीबीएससाठी गणित लागत नाही. दहावीच्या गणितात मन रमत असेल आणि अभियांत्रिकीचा पर्याय खुला ठेवायचा असेल तर ठेवा. केवळ ‘असू दे’ म्हणून ठेवलेलं गणित बारावीच्या डिसेंबरपासून नीटचे तास खातं.

दाखले: अकरावीच्या पहिल्या सहामाहीपर्यंत

अधिवासाचा दाखला, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, सगळ्यांनाच लागतो. सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करा. दहावीचा निकाल लागल्यावर दाखल्यांसाठी रांगा लागतात, त्यामुळे नववी-दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत काढून ठेवलेला चांगला.

राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. दाखला उपविभागीय अधिकारी देतात, तर वैधता जिल्ह्याची जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते. अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा वैधतेचा अर्ज अकरावीत, कनिष्ठ महाविद्यालयाच्या सही-शिक्क्याने करता येतो. तो त्याच वर्षी टाका. वडील, सख्खे काका, आत्या यांच्यापैकी कोणाची वैधता आधीच झालेली असेल तर काम खूप हलकं होतं. नसेल तर जुना पुरावा शोधावा लागतो, आणि वेळ त्यातच जातो.

पुरावा किती जुना हवा हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. त्या तारखेआधीची जातीची नोंद किंवा त्या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा यातून दाखवायचा असतो. शोधायच्या जागा: आजोबा-पणजोबांच्या प्राथमिक शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक म्हणजे जन्म-मृत्यूची गावनोंद, जुने सातबारा आणि फेरफार. नोंद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आजोबांचं आडनाव नंतर बदललं असेल, किंवा रजिस्टरमध्ये आडनावच नसेल आणि फक्त ‘गणू बिन रामा’ असेल, तर वंशावळीच्या शपथपत्रात तो दुवा नीट जोडा. समिती त्रुटी काढते ती बहुतेक इथेच. त्रुटीचा संदेश अर्जात दिलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर येतो. तो पत्ता सायबर कॅफेवाल्याचा असेल तर अर्ज महिनोन् महिने तसाच पडून राहतो.

काही वर्षी वैधतेच्या अर्जाच्या नुसत्या पावतीवर प्रवेश देऊन वैधतेला मुदतवाढ मिळाली. यंदाही मिळेल असं धरून बसू नका.

याशिवाय अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या राखीव प्रवर्गांना नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. ८ लाखांची मर्यादा पाहताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, मात्र नोकरीतल्या पदाचा दर्जा स्वतंत्रपणे पाहतात. ‘आमचा पगार जास्त, म्हणून बसत नाही’ असं परस्पर ठरवणारी पुष्कळ घरं पात्र असतात. ईडब्ल्यूएस, म्हणजे खुल्या वर्गातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं गणित उलटं: तिथे कुटुंबाचं सगळ्या मार्गांचं उत्पन्न धरतात, आणि दाखला आर्थिक वर्षापुरता असल्याने प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर नवा काढावा लागतो.

राज्य आणि केंद्राचे नमुने वेगळे आहेत. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. राज्यातला एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग केंद्रात नाही. ते विद्यार्थी नीटच्या अर्जात खुल्या वर्गात, किंवा अटीत बसत असतील तर ईडब्ल्यूएसमध्ये येतात. भटक्या-विमुक्तांपैकी केंद्राच्या यादीत असलेल्या जाती तिथे ओबीसीत मोडतात. राज्याचा प्रवर्ग पुढे राज्याच्या अर्जात वेगळा भरायचा असतो, त्यामुळे नीटच्या फॉर्ममध्ये तो ओढूनताणून बसवू नका.

दोन अभ्यासक्रम, एक वर्ष

नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसई शाळांत चालणाऱ्या केंद्रीय पुस्तकांशी जुळतो. राज्य मंडळात बराचसा भाग तोच आहे, पण क्रम वेगळा आहे आणि त्यातूनच गोंधळ होतो. परिवलन गती, द्रवांचे गुणधर्म, उष्मागतिकी, दोलन हे एनसीईआरटीच्या अकरावीत आहे, राज्य मंडळाच्या बारावीत. रसायनशास्त्रातलं आयनिक समतोल आणि उष्मागतिकी यांचंही तसंच. जीवशास्त्रात श्वसन, रक्ताभिसरण, चेतासंस्था आणि संप्रेरकं एनसीईआरटी अकरावीत शिकवते, आपल्याकडे ती बारावीत येतात. उलट सेमीकंडक्टरची मूलतत्त्वं आणि विद्युतचुंबकीय लहरी आपण अकरावीत उरकतो आणि विसरतो.

परिणाम असा की राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याची बारावी जड आणि अकरावी हलकी होते. एनसीईआरटीच्या क्रमाने चालणाऱ्या क्लासमध्ये सकाळी एक आणि कॉलेजात दुपारी दुसरंच चालू असतं. यावर उपाय एकच: अकरावीच्या जूनमध्ये दोन्ही अनुक्रमणिका शेजारी ठेवून प्रकरणांचा एक तक्ता करा, आणि बारावीतली जड प्रकरणं, निदान परिवलन, दोलन आणि शरीरक्रियाशास्त्र, अकरावीच्या दिवाळी ते मे या काळात एकदा करून टाका. २०२४ पासून नीटमधून गळलेली प्रकरणंही तक्त्यात खुणेने दाखवा. उदाहरणार्थ स्थायू अवस्था बोर्डाला आहे, नीटला नाही. नॅशनल मेडिकल कमिशनचा अभ्यासक्रम दर वर्षी मूळ संकेतस्थळावरून पाहा.

जीवशास्त्र एनसीईआरटीच्या दोन्ही पुस्तकांतून ओळ न् ओळ वाचा, आकृत्यांखालच्या ओळींसह. ही पुस्तकं एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. राज्य मंडळाचं पुस्तक बोर्डाच्या उत्तरांसाठी ठेवा. जाडजूड गाइडं तिसऱ्या क्रमांकावर, आणि तिसऱ्यापर्यंत पोचायची वेळ बहुतेकांवर येत नाही.

सरावपरीक्षा अकरावीच्या अखेरीपासून, दुपारी २ ते ५ याच वेळेत, ओएमआर, म्हणजे गोळे रंगवायची उत्तरपत्रिका भरून. जीवशास्त्राला ५० मिनिटं, रसायनाला ५०, भौतिकला ६५ आणि शेवटच्या तपासणीला १५, या वाटणीने सुरू करा आणि आपल्याप्रमाणे हलवा. गोळे शेवटी एकदम भरू नका, एक क्रमांक सरकला की पुढचे सगळे सरकतात. आणि अंदाजपंचे उत्तरांचा हिशोब एकदा कागदावर मांडून पाहा: १४० बरोबर आणि ४० चुकीचे म्हणजे ५२०. तेच १४० बरोबर, १० चुकीचे, ३० सोडलेले म्हणजे ५५०. या ३० गुणांत यादीतले हजारो क्रमांक बदलतात.

पैसे

शासकीय आणि खासगी महाविद्यालयांच्या फीमध्ये कित्येक पटींचा फरक आहे. राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक खासगी महाविद्यालयाची वार्षिक फी जाहीर करतं. ती पाहून साडेचार वर्षांची बेरीज, वसतिगृह आणि मेस धरून, दहावीतच करा. खासगीतल्या १५ टक्के संस्थात्मक आणि एनआरआय कोट्याची फी याच्या काही पट असते. शिष्यवृत्त्यांचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात आणि त्यांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीतून मिळालेला प्रवेश लागतो. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, हेही आधी माहीत असावं. परदेशी जायचा विचार असला तरी भारतात परतून व्यवसाय करायचा तर नीट पात्रता लागतेच.

बारावीचं वर्ष

नीटचा अर्ज स्वतःच्या किंवा पालकांच्या मोबाइल आणि ईमेलवरून भरा. ओटीपी आणि प्रवेशाच्या पुढच्या सगळ्या फेऱ्यांचे निरोप तिथेच येतात, त्यामुळे प्रवेश पूर्ण होईपर्यंत हा नंबर बदलू नका. पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या एकाच फोटोच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा. त्याच फोटोची प्रत पुढेही मागतात.

पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जायचं असेल तर एमसीसीच्या नोंदणीत तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. तिथे इंग्रजी आणि तर्कशक्तीची संगणकावरची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते, आणि पुढे सैन्यदलात सेवेची अट. मुलाखत नसते, या सुरुवातीच्या नियमाला हा अपवाद. त्यासाठी इंग्रजी वाचनाची सवय अकरावीपासून हवी.

निकालानंतर दोन स्वतंत्र अर्ज भरायचे असतात: एमसीसीचा आणि राज्य सीईटी कक्षाचा. नीट दिली म्हणजे राज्याच्या यादीत नाव आपोआप येत नाही, आणि नोंदणीची खिडकी थोडेच दिवस उघडी असते. तोवर सगळे दाखले, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा. मूळ प्रती एका महाविद्यालयात जमा झाल्यावर दुसऱ्या फेरीत अडचण येते, म्हणून प्रत्येक कागदाचे तीन साक्षांकित संच आधीच करून ठेवा. पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचा शेवटचा क्रमांक प्रवर्ग आणि फेरीनिहाय पाहा, पण यादी त्यावरून कापू नका. जिथे जायची तयारी आहे अशी सगळी महाविद्यालयं आवडीच्या क्रमाने लिहा. जिथे जाणारच नाही, तिचं नाव ‘भर’ म्हणून टाकू नका, कारण वाटप झालेली जागा नाकारल्यावर काही फेऱ्यांत अनामत जप्त होते आणि पुढच्या फेरीचा हक्कही जाऊ शकतो.